जुनी ओम्नी कॅम्पर मध्येच आचके देते तेव्हा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : कार्बोरेटरवाल्या मारुती व्हॅन आणि ओम्नीसाठी

मारुती व्हॅन १९८४ साली आली, १९८८ मध्ये ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये बंद झाली. म्हणजे कॅम्पर (आत राहण्या-झोपण्याची सोय) करून घेतलेल्या, कार्बोरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना भाग असलेल्या) गाड्यांचं वायरिंग आणि रबर आता बरंच म्हातारं झालेलं आहे. ७९६ सीसीच्या या इंजिनाला तीनच सिलिंडर. एक मिस झाला (त्यात पेट्रोल पेटलं नाही) की तिसरा हिस्सा ताकद जाते, म्हणून आचका मोठा वाटतो. कारण मात्र पुष्कळदा एखादी सैल वायर किंवा तडकलेला होज एवढंच असतं. ते न शोधता प्लग, कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग), कार्बोरेटर एकामागून एक बदलत जाऊ नका.

त्याऐवजी गाडीत एक वही ठेवा. आचका आला की लिहा : इंजिन थंड होतं की तापलेलं, सुरू करून किती वेळ झाला, टाकीत पेट्रोल किती, चढ होता का, पाऊस होता का, फ्रिज चालू होता का. आणि मुख्य म्हणजे, गाडी खटकन तुटली आणि खटकन सावरली, की तिचा दम हळूहळू गेला? खटकन तुटणं बहुधा करंटचं (म्हणजे ठिणगीच्या वायरिंगचं), दम जाणं बहुधा पेट्रोलचं. आम्ही तपासणीला कुठून हात घालायचा, ते यावरच ठरवतो.

करंट

आमचा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटून देणाऱ्या भागाच्या) आतल्या छोट्या वायरवर असतो. व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळे (लोडप्रमाणे ठिणगीची वेळ बदलणाऱ्या यंत्रणेमुळे) पॉइंटची (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काची) प्लेट सतत हलते, तिच्यासोबत ही वायर वाकत राहते आणि वरचं आवरण शाबूत असताना आतून तुटते. मग अॅक्सिलरेटर दाबला की मिसिंग, सोडला की ठीक. झाकण काढून वायर हलकेच ओढून पाहावी. रबरासारखी ताणली गेली तर तांबं तुटलंय. त्याच वेळी पॉइंटचा गॅप ०.४ ते ०.५ मिमी आणि प्लगचा ०.७ ते ०.८ मिमी आहे का ते बघावं. गाडी गरम झाल्यावरच मिस मारत असेल तर कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर) आणि कॉइल गरम असतानाच तपासायला हवेत, थंड झाल्यावर दोन्ही ठणठणीत दिसतात.

पावसाळ्यात कोकणात उतरल्यावरच त्रास होत असेल, तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून प्लग वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारतात. करंट गळत असेल तिथे निळसर ठिणगी दिसते. वायरींना हात मात्र लावायचा नाही.

कॅम्परचं आणखी एक दुखणं आहे. फ्रिज, पंखा, चार्जर यांची वायर कुणीतरी इग्निशन स्विचच्या लाइनवर जोडून ठेवलेली असते. लोड वाढला की कॉइलला व्होल्टेज कमी पडतं. याची खात्री करायला बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूज लावलेली तात्पुरती वायर कॉइलच्या फीडला देतात (वाटेत रेझिस्टर असेल तर त्याच्या आधीच्या टोकाला). आचके थांबले तर दोष स्विचमध्ये किंवा त्या वायरिंगमध्ये. ही वायर असेपर्यंत चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, वायर काढावी लागते. अर्थिंगही मोजून घ्यावं : स्टार्टर फिरत असताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात ०.५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

पेट्रोल

वीस-पंचवीस मिनिटं छान चालून दम जातो आणि पाच मिनिटं थांबल्यावर पुन्हा नीट चालते? टाकीतला गंज किंवा गाळ पेट्रोल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी येऊन अडतो आणि ओढ थांबली की खाली बसतो. फिल्टर बदलून हे जात नाही, टाकी उतरवून धुवावीच लागते. त्याआधी एक फुकटची तपासणी करा. त्रास होईल तेव्हा गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर टाकीला हवा मिळत नाहीये.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली कोंडलेलं असतं. उन्हाळ्यात भरल्या गाडीने घाट चढताना पेट्रोलची लाइन तापते आणि आत वाफ अडते. थांबून, इंजिन बंद करून, पेट्रोल पंपावर आणि होजवर ओलं फडकं ठेवल्यावर गाडी लगेच सावरली तर कारण हेच. लाइन एक्झॉस्टपासून दूर बांधली की बहुधा प्रश्न मिटतो.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी होज त्याने फुगतात, मऊ पडतात, आतले कण जेटमध्ये (कार्बोरेटरच्या बारीक छिद्रात) जातात. म्हणून इथेनॉल चालणारेच होज टाकून घ्या. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर कार्बोरेटरच्या फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल काढून ठेवा, नाहीतर जेटवर चिकट थर बसतो.

फक्त आयडलिंगला डळमळत असेल तर कार्बोरेटरखालचं गॅस्केट आणि ब्रेक बूस्टर असल्यास त्याचा होज बघतो. संशयाच्या जागी साबणाचं पाणी टाकल्यावर इंजिनाचा सूर बदलला, तर तिथून हवा शिरते आहे. यासाठी पेट्रोल किंवा क्लीनर स्प्रे कधीही वापरू नका, तापलेल्या इंजिनावर भडका उडतो.

एवढं करूनही एकच सिलिंडर कायम मिस असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजतो. दोन सिलिंडरमध्ये १ किलोपेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला) जास्त फरक आला तर आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघतो, मग व्हॉल्व्ह. एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाल्या) गाडीची तपासणी वेगळी, ती स्कॅनर लावूनच होते.

गाडी आणताना वही आणा, टाकी निम्मी तरी भरलेली ठेवा आणि पुढच्या सीटवर पलंगाच्या फळ्या स्क्रूने बसवल्या असतील तर त्या घरीच काढून या.