कंपाउंड धनुष्याचा ॲरो रेस्ट : निवड

टोकांना कप्प्या असलेल्या कंपाउंड धनुष्यावर मुठीच्या वरच्या बाजूला बसवलेला आणि स्ट्रिंग ओढताना बाणाला खालून आधार देणारा भाग म्हणजे ॲरो रेस्ट. मैदानावर त्याला नुसते ‘रेस्ट’ म्हणतात. बाण सुटताना या आधारावरून सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी वेळात निघून जातो. तेवढ्यात बाणाचे पीस, म्हणजे व्हेन, रेस्टला घासले तर ५० मीटरवर बाण कुठेही जाऊ शकतो. सोलापूरच्या खेळाडूने रेस्ट निवडताना पाहायचे ते मुख्यतः हेच.

अमेरिकेतील मिझुरी राज्याच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मिळाले. या धनुष्याची स्ट्रिंग आता बहुधा बोटांऐवजी रिलीज नावाच्या यांत्रिक खटक्याने सोडतात. बोटांवरून स्ट्रिंग घसरली की बाण आडवा लवतो, म्हणून रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वळलेल्या बिनकप्पीच्या, धनुष्याला बाजूने दाब देणारे स्प्रिंगचे बटण लागते. रिलीजने सोडलेला बाण मुख्यतः वर-खाली लवतो. त्यामुळे कंपाउंडच्या रेस्टचे सारे लक्ष बाणाच्या खालच्या बाजूकडे असते.

लक्ष्यवेधात सर्वांत रुळलेला प्रकार ब्लेडचा. स्प्रिंग स्टीलची अरुंद पट्टी, टोकाला खाच आणि त्या खाचेत टेकलेला बाण, एवढाच हा कारभार. पट्टीची जाडी बहुधा इंचाच्या हजारांश भागांत सांगतात : ८, १० किंवा १२, म्हणजे साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर. हलक्या, बारीक बाणाला पातळ पट्टी आणि जड किंवा जाड बाणाला ताठ पट्टी लागते. पातळ पट्टीवर जड बाण ठेवला तर ती दबते. उलट हलक्या बाणाखाली फार ताठ पट्टी असली तर बाण सुटताना उसळतो. पट्टी आडव्या रेषेपासून साधारण ३० ते ३५ अंश चढवून लावतात. तीन व्हेनच्या बाणाची वेगळ्या रंगाची व्हेन वर ठेवावी, म्हणजे खालच्या दोन व्हेन पट्टीच्या दोन्ही बाजूंनी निघून जातात. ब्लेडला फिरणारा भाग नसल्याने बिघडण्यासारखे त्यात फारसे काही नाही. त्याचा मुख्य दोष एकच, पण नवशिक्याला रडवणारा : हात थरथरला, स्ट्रिंग झटक्याने ओढली किंवा वाऱ्याचा झोत आला की बाण पट्टीवरून घसरतो. आळीपाळीच्या सामन्यात एका बाणाला २० सेकंद मिळतात. त्यात घसरलेला बाण पुन्हा बसवणे म्हणजे परीक्षाच.

ड्रॉप-अवे रेस्टमध्ये बाणाखालचा हात, म्हणजे आधाराचा दांडा, बाण सुटताच खाली पडतो आणि व्हेनला वाट मोकळी होते. हा हात चालवण्याच्या दोन रीती आहेत. केबलवर चालणाऱ्या रेस्टची कॉर्ड, म्हणजे बारीक दोरी, धनुष्याच्या केबलला (कप्प्यांना जोडलेल्या दोराला) बांधलेली असते. स्ट्रिंग ओढताना केबल सरकते आणि हात वर उचलला जातो. लिंबवर, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या बाहूवर, चालणाऱ्यात याच्या उलट घडते : लिंब वाकले की कॉर्ड सैल पडते, स्प्रिंग हात वर उचलते आणि बाण सुटताना सरळ होणारे लिंब कॉर्ड ताणून हात खाली खेचतात. केबल थोडी जरी लांबली तरी पहिल्या प्रकारात हात उचलण्याची वेळ चुकते. दुसरा प्रकार याबाबतीत बराच सोशिक आहे.

ब्रशच्या केसांच्या कड्यातून बाण ओवायचा तिसरा प्रकार शिकाऱ्यांच्या सोयीचा. बाण त्यातून पडत नाही, पण व्हेन दरवेळी केसांना घासून जातात. इंग्रजीतील बहुतेक परीक्षणे अमेरिकेतील शिकारी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार हा गुन्हा आहे. सोलापूरच्या खेळाडूसमोर असते ते ५० मीटरवरचे ८० सेंटिमीटरचे लक्ष्य आणि ७२ बाणांची ७२० गुणांची फेरी. ‘आवाज होत नाही’ आणि ‘झाडावर बसूनही बाण पडत नाही’ ही वाखाणणी त्याच्या काही कामाची नाही. शेजारच्या साताऱ्यात सराव केलेले अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले, तेव्हापासून या भागातील मुलांचा कंपाउंडकडे ओढा वाढला असल्यास नवल नाही. ओजसने त्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले होते.

सोलापूरच्या हवेचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि वळवाच्या आधी दुपारी वारा सुटतो. काळ्या मातीची बारीक धूळ तर सगळीकडेच. ड्रॉप-अवेच्या सांध्यात धूळ बसली की हात जड चालतो, म्हणून तो कोरड्या ब्रशने झाडावा. तेल घातले तर धूळ आणखी चिकटते. उन्हात उभ्या गाडीत धनुष्य ठेवल्यास स्ट्रिंग आणि केबल ताणू शकतात, लिंबलाही धोका असतो. पक्का हात बसलेल्या खेळाडूने येथे ब्लेड घ्यावा. ज्याचा बाण अजून घसरतो त्याने लिंबवर चालणारा ड्रॉप-अवे घ्यावा. कॉर्ड तुटली तर धनुष्याच्या स्ट्रिंगसाठी असते तीच कॉर्ड लावायची. सुताच्या या गावात दोरा गल्लोगल्ली मिळतो, पण सुती दोरा येथे चालत नाही, तो ताणतो.

मागवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. उजव्या व डाव्या हाताचे रेस्ट वेगळे असतात. शिवाय जुन्या राइझरला (धनुष्याच्या मुठीच्या ताठ मधल्या भागाला) स्क्रूचे भोक असते, तर काही नव्या राइझरच्या मागे खाचेची पट्टीही असते. तिच्यासाठीचा रेस्ट जुन्या धनुष्याला बसत नाही. स्पर्धेच्या नियमांत विजेवर चालणारा रेस्ट चालत नाही.

बसवताना बाण राइझरच्या भोकाच्या मध्याच्या उंचीला ठेवून सुरुवात करतात. बाजूचे अंतर अनेक धनुष्यांवर बाणाच्या मध्यापासून राइझरपर्यंत २० ते २१ मिलिमीटर असते. मग व्हेनवर टाल्कम पावडर भुरभुरून बाण मारावा : पावडर जिथे पुसली जाते तिथे घासते आहे. ड्रॉप-अवेचा हात खाली आपटून परत उसळत असेल तर त्याखाली फेल्टचा तुकडा चिकटवतात. इनडोअरसाठी ९.३ मिलिमीटरपर्यंतचे जाड बाण चालतात. बारीक ५.५ मिलिमीटरच्या बाणावरून तिकडे गेल्यास बाणाचा मध्य जवळपास २ मिलिमीटर वर सरकतो, म्हणून रेस्ट तेवढा खाली घ्यावा लागतो. स्केल कोरलेला रेस्ट घेण्याचे खरे कारण हेच. ब्लेडची पट्टी बुडाशी बारीक तडकते. सुटी पट्टी किटमध्ये असावी, आणि ती स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा लावू नये.