डॉग, फोर्क आणि डावा पाय: जुन्या ऑफ-रोड गिअरबॉक्सची पार्श्वभूमी

साठ-सत्तरच्या दशकातल्या मोटोक्रॉस किंवा ट्रेल गाडीचं इंजिन गिअर सुटतो म्हणून उघडलं, तर गिअरचे दाते बहुधा शाबूत निघतात. डॉगच्या, म्हणजे शेजारच्या गिअरमध्ये अडकणाऱ्या गिअरवरच्या खुंट्यांच्या, कडा मात्र गोल झालेल्या असतात आणि गिअर शाफ्टवर सरकवणारा एखादा शिफ्टर फोर्क एका बाजूने घासून निळा पडलेला असतो. कॉन्स्टंट-मेश रचनेत हे साहजिकच आहे. दाते कायम एकमेकांत असतात, प्रत्येक बदलाचा धक्का खातात ते डॉग. तरी काही गाड्यांत ही झीज लवकर होते आणि काहींत नाही. हा फरक निव्वळ वापराचा नाही, त्या काळात कारखान्यांनी घेतलेल्या निर्णयांचाही आहे.

पन्नाशीच्या दशकाबद्दल फार सांगायला नको. बीएसए गोल्ड स्टारसारख्या ब्रिटिश सिंगलमध्ये, म्हणजे एक सिलिंडरच्या गाडीत, इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे होते आणि मध्ये त्यांना जोडणारी प्रायमरी चेन. ग्रीव्ह्ज ही ब्रिटिश कंपनी तर गिअरबॉक्स बाहेरून, अल्बियनकडून घ्यायची. बाहेरचं झाकण काढलं, मग आतलं काढलं, की गिअरचा जुडगा हातात यायचा. क्रँकशाफ्टला हात लावायची गरज नसायची.

हे बदललं टू-स्ट्रोक इंजिनांमुळे. 250 सीसी गटाची जागतिक मोटोक्रॉस स्पर्धा 1962 मध्ये सुरू झाली आणि पहिलंच विजेतेपद हुस्कवर्नाच्या टू-स्ट्रोकने नेलं. 1966 मध्ये 500 सीसी गटही सीझेडने जिंकला आणि जड फोर-स्ट्रोक सिंगलचा काळ संपत आला. नव्या इंजिनांत क्रँक आणि गिअर एकाच केसमध्ये, आणि ती केस बहुतेकांची उभी दुभागलेली. म्हणजे गिअर शाफ्टवर जागेवर धरणारी पन्नास पैशांची सर्क्लिप बदलायची असली तरी सिलिंडर, क्लच, मॅग्नेटो सगळं उतरवून केस उघडायची. त्यात टू-स्ट्रोकची ताकद आरपीएमच्या अरुंद पट्ट्यातच मिळते, त्यामुळे चारांऐवजी पाच गिअर आले. 1968 ची यामाहा डीटी-1 पाच गिअरची, 1973 ची होंडा एल्सिनोर सीआर 250 एम पाच गिअरची. जिथे जुन्याच केसमध्ये पाचवी जोडी कोंबली गेली, तिथे प्रत्येक गिअर अरुंद झाला आणि डॉगला पकड घ्यायला जागा कमी उरली.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती, पण मध्ये डाव्या पायाचा नियम आला. ब्रिटिश आणि स्पॅनिश गाड्यांचा गिअर लिव्हर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असायचा. जपानी गाड्यांचं उलट. जावा-सीझेड घराण्यात तर किक आणि गिअर डावीकडेच, एकाच लिव्हरवर. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी 1 सप्टेंबर 1974 पासून गिअर डावीकडे आणि मागचा ब्रेक उजवीकडे असणं सक्तीचं झालं. कारण समजण्यासारखं होतं. एका गाडीवरून दुसरीवर बसलेला माणूस घाईत ब्रेकऐवजी गिअरवर पाय मारतो.

नियम रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांचा होता. निव्वळ शर्यतीची गाडी त्यात येत नव्हती. पण दिवे लावलेली एन्ड्युरो आणि ट्रेल गाडी येत होती, आणि तिचं इंजिन शर्यतीच्या गाडीचंच असायचं. एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्या काढणं कोणाला परवडणार? मग नियम ज्यांना लागू नव्हता त्या गाड्यांचेही लिव्हर बाजू बदलू लागले.

नियमाच्या समर्थकांचं म्हणणं असं, की तोवर बाजारात जपानी गाड्या इतक्या झाल्या होत्या की बदल आज ना उद्या होणारच होता. ते खरंही आहे. तक्रार बदलाबद्दल नाही, तो ज्या घाईने केला गेला त्याबद्दल आहे. ज्यांनी नवं इंजिन आखलं त्यांचं निभावलं. ज्यांनी उजव्या बाजूची जुनी रचना ठेवून आडवा शाफ्ट किंवा लिंकेज जोडून लिव्हर डावीकडे नेला, त्यांनी लिव्हर आणि ड्रम (फोर्क हलवणारा खाचांचा दंडगोल) यांच्यात एक-दोन सांधे वाढवले. प्रत्येक सांध्यात थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा. नवीन असताना तो जाणवत नाही. स्प्लाइन, म्हणजे शाफ्टवरच्या पकडीच्या खाचा, झिजल्या की लिव्हर पूर्ण दाबूनही फोर्क पूर्ण सरकत नाही, डॉग अर्धवटच बसतो आणि थ्रॉटल देताच बाहेर फेकला जातो. मालक गिअर बदलतो आणि वर्षभरात तेच दुखणं परत येतं. अशी गाडी आली तर केस उघडण्याआधी लिव्हरचा प्ले बघावा. अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

पुढचा इतिहास दुरुस्तीचाच आहे. कारखान्यांनी सुटे भाग बंद केल्यावर अंडरकटिंग रूढ झालं. डॉगच्या उभ्या कडा तीन-चार अंश आत तिरक्या कापायच्या, म्हणजे भार आला की गिअर एकमेकांना ओढून धरतात. मूळ पद्धत जपणारे याला नाकं मुरडतात, कारण कडक केलेला थर त्यात कापला जातो. पण नवा गिअर मिळतच नसेल तर हा वाद पोकळ आहे. थर किती खोल आहे हे जाणणाऱ्या माणसाकडून काम करून घ्यावं, एवढंच.

व्हिंटेज शर्यतींमुळे मागणी पुन्हा वाढली. अमेरिकेतल्या जुन्या गटाची मर्यादा साधारण 1974 च्या मॉडेलपर्यंत, आणि सस्पेन्शन ट्रॅव्हल पुढे 7 इंच, मागे 4. म्हणजे सगळे त्याच काही वर्षांच्या गिअरबॉक्सच्या मागे लागले आणि जुन्या इंजिनांचे जुडगे सुटे करून विकले जाऊ लागले. तिथे नवीच पंचाईत झाली. क्लोज-रेशो (गिअरमधलं अंतर कमी) आणि वाइड-रेशो (अंतर जास्त) गिअर त्याच शाफ्टवर बिनतक्रार बसतात, त्यामुळे चुकीचा गिअर बसवला तरी लगेच कळत नाही. शिवाय एका इंजिनात झिजलेला गिअर दुसऱ्या इंजिनातल्या जोडीदाराबरोबर लावला, की दोघांच्या दात्यांची झीज जुळत नाही आणि बॉक्स ओरडायला लागतो. म्हणून विकत घेताना गिअर सुटा घेऊ नये, जोडीने घ्यावा. दाते मोजावेत आणि जुने शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) कुठल्या बाजूला होते हे शाफ्ट मोकळा करण्याआधीच लिहून ठेवावं.