तळटीप वाचायची की गाळायची? इतिहासग्रंथ आणि अभिजात भयकथांच्या ध्वनिमुद्रित वाचनाची पार्श्वभूमी

इतिहासग्रंथांचा आणि जुन्या भयकथांचा वाचक एरवी एकच असेल असे नाही; ऑडिओबुकच्या क्षेत्रात मात्र हे दोन प्रकार जोडीनेच वावरताना दिसतात. त्याचे एक कारण व्यवहाराचे आहे. दोन्हींतील बरीच महत्त्वाची पुस्तके प्रताधिकाराच्या मुदतीबाहेर गेली आहेत आणि ती ध्वनिमुद्रित करायला कोणाची परवानगी लागत नाही. दुसरे कारण रचनेचे आहे आणि त्याची चर्चा कमी होते. दोन्ही प्रकार कागदपत्रांच्या आधारावर उभे असतात. इतिहासकार पत्रे, दप्तरे आणि साक्षी पुढे करतो. एकोणिसाव्या शतकातला भयकथाकारही रोजनिश्या, पत्रे आणि सापडलेली हस्तलिखिते मांडूनच अविश्वसनीय गोष्ट वाचकाच्या गळी उतरवतो. छापील पानावर कोण बोलत आहे हे मथळा, समास आणि टाइपाचा आकार सांगतो. ध्वनिमुद्रणात हे सगळे काम एकट्या निवेदकाच्या आवाजावर येऊन पडते. त्याने काय वाचावे, काय वगळावे आणि किती अभिनय करावा याबद्दलचे आजचे वाद तिथूनच निघाले आहेत.

इतिहास ऐकण्यासाठी असतो की वाचण्यासाठी, ही शंका फार जुनी आहे. प्राचीन ग्रीसमधल्या पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातच बजावले होते की आपल्या लेखनात रंजक कथा नसल्याने ते कानाला कदाचित कमी गोड लागेल, परंतु ते घटकाभराच्या श्रवणासाठी लिहिलेले नसून कायमच्या ठेव्यासाठी लिहिलेले आहे. भीतीच्या बाबतीत नेमके उलटे झाले. चार्ल्स डिकन्स यांनी 1868-69 च्या सुमारास आपल्या कादंबरीतला एका खुनाचा प्रसंग रंगमंचावर इतक्या त्वेषाने वाचायला सुरुवात केली की त्यांच्या प्रकृतीची काळजी करणाऱ्यांनी त्याला विरोध केला. 1877 मध्ये फोनोग्राफ, म्हणजे आवाज नोंदवून पुन्हा ऐकवणारे यंत्र, आला आणि पुढच्याच वर्षी एडिसन यांनी त्याचे जे उपयोग सुचवले, त्यांत अंध व्यक्तींसाठी बोलणारी पुस्तके हाही एक होता. मेणाच्या नळीवर जेमतेम काही मिनिटांचे ध्वनिमुद्रण मावत असल्याने पुढची पाच दशके ती कल्पना कागदावरच राहिली.

खरी सुरुवात झाली ती 1930 च्या दशकात. अमेरिकेत 1931 मध्ये प्रौढ अंधांना सरकारी खर्चाने पुस्तके पुरवण्याचा कायदा झाला आणि 1934 मध्ये पहिली बोलकी पुस्तके तबकड्यांवर निघाली. ब्रिटनमध्ये 1935 मध्ये निघाली. अमेरिकी तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेत असे आणि तिच्या एका बाजूवर साधारण 15 मिनिटांचे वाचन बसे. ब्रिटिशांनी वेग 24 फेऱ्यांवर आणून ते 25 मिनिटांपर्यंत नेले. अमेरिकेच्या पहिल्या यादीत कथा-कादंबऱ्यांबरोबर स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि संविधान होते, म्हणजे इतिहासाचे मूळ दस्तऐवज अगदी आरंभापासून ध्वनिमुद्रणात आले. या तबकड्या डोळस लोकांना विकायच्या नाहीत, या अटीवरच प्रकाशकांनी परवानगी दिली होती. त्या अटीमुळे बोलकी पुस्तके दीर्घकाळ बाजाराबाहेर राहिली. त्यातून एक चांगली गोष्टही घडली: विक्रीचा दबाव नसल्यामुळे वाचनाची शिस्त ऐकणाऱ्याच्या हक्काच्या दृष्टीने ठरली. डोळस वाचकाला पुस्तकात जे जे मिळते ते अंध वाचकालाही मिळाले पाहिजे, हे तिचे सूत्र होते. मलपृष्ठावरचा मजकूर वाचला जाई. तळटीपही वाचली जाई: निवेदक मूळ वाक्य संपवून ‘तळटीप’ असा उच्चार करी, टीप वाची, ती संपल्याचे सांगे आणि मग पुढच्या वाक्यावर जाई. आवाजात नाट्य किती असावे यावर तेव्हाही श्रोत्यांत दोन तट होते, परंतु मजकूर गाळण्याला थारा नव्हता.

बाजारातली ऑडिओबुके या शिस्तीतून जन्मली नाहीत. 1963 मध्ये आलेली कॅसेट आणि 1979 मध्ये आलेला खिशात मावणारा कॅसेट-प्लेअर यांनी चालता-फिरता ऐकणारा ग्राहक तयार केला. 1975 पासून संपूर्ण पुस्तकांच्या कॅसेट टपालाने भाड्याने देण्याचा व्यवसाय अमेरिकेत सुरू झाला होता, तरी पुस्तकांच्या दुकानांत जे रुळले ते मुख्यतः दोन कॅसेटचे, सुमारे तीन तासांचे संक्षिप्त रूप. इंग्रजी वाचनात तासाला साधारण 9,300 शब्द होतात, म्हणजे तीन तासांत सुमारे 28,000. दीड लाख शब्दांचा इतिहासग्रंथ त्यात बसवायचा तर पाचातले चार भाग कापावे लागतात. कापताना घटना राहतात, पुरावे जातात. कादंबरीचे कथानक अशा कात्रीतून कसेबसे वाचते. इतिहासाचा मात्र नुसता वृत्तांत उरतो आणि युक्तिवाद नाहीसा होतो. त्यामुळे 1990 च्या दशकाअखेर डिजिटल फायली आल्या आणि लांबीचे बंधन सुटले, तेव्हा त्याचा सर्वांत मोठा लाभ इतिहासाला झाला. 1997 मध्ये निघालेल्या पहिल्या खास डिजिटल श्रवणयंत्रात दोनेक तासच मावत. दहा वर्षांत शंभर तासांचे पुस्तकही खिशात मावू लागले.

मुखपृष्ठावर ‘असंक्षिप्त’ असे छापणे मग विक्रीचे मोठे आश्वासन झाले आणि खरा पेच इथे सुरू झाला. टिपा वगळलेला इतिहासग्रंथ असंक्षिप्त म्हणायचा का?

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे एडवर्ड गिबन यांचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास. 1776 ते 1788 या काळात सहा खंडांत निघालेल्या या ग्रंथात हजारो टिपा आहेत. त्यांत संदर्भ आहेत, आधीच्या लेखकांशी घातलेले वाद आहेत, आणि लेखकाचा प्रसिद्ध तिरकस स्वभावही मुख्यतः तिथेच प्रकट होतो. पहिल्या खंडाच्या मूळ आवृत्तीत या टिपा शेवटी होत्या. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी तक्रार केली की वाचकाला प्रत्येक वेळी पाने उलटावी लागतात. नंतरच्या आवृत्तीत त्या पानाच्या तळाशी आल्या. म्हणजे टीप वाचकाच्या किती जवळ असावी हा प्रश्न ध्वनिमुद्रणापूर्वीच पडला होता आणि उत्तर ‘शक्य तितकी जवळ’ असे मिळाले होते. ध्वनिमुद्रणाने मात्र ती पुन्हा दूर नेली. हा ग्रंथ टिपांशिवाय वाचला तरी शंभराहून अधिक तास लागतात. टिपांसह वाचायचा तर खर्च आणि कालावधी दोन्ही खूप वाढतात, कारण निवेदक आणि संपादक यांचे मानधन बहुधा तयार झालेल्या तासांवर ठरते. त्यात कित्येक टिपांमध्ये लॅटिन आणि ग्रीक उतारे भाषांतराशिवाय दिलेले आहेत.

टिपा गाळाव्यात असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा कमजोर नाही. टिपेचा आकडा अनेकदा वाक्याच्या मध्यावर येतो. तिथे थांबले तर वाक्य तुटते आणि शेवटी वाचली तर ती कशाविषयी होती हे विसरायला होते. केवळ खंड आणि पृष्ठक्रमांक सांगणारी टीप कानाला निरुपयोगी आहे, कारण ऐकणारा त्या क्षणी ती ताडून पाहू शकत नाही. यावर तीन पद्धती रूढ झाल्या. काही निवेदक जुन्या शिस्तीप्रमाणे टीप जागच्या जागी वाचतात, काही प्रकरणाच्या शेवटी सगळ्या एकत्र वाचतात, आणि बरेचसे निर्माते संदर्भाच्या टिपा सोडून देऊन चर्चेच्या तेवढ्या घेतात. तिसरा मार्ग सर्वांत समंजस आहे, परंतु एका अटीवर: ही निवड झाली आहे हे सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. ते न सांगता केलेली निवड म्हणजे लेखक आणि श्रोता यांच्यामध्ये एक अदृश्य संपादक बसवणे होय. इतिहासात कोणता आधार किरकोळ आणि कोणता निर्णायक हे ठरवणे हीच अर्धी लढाई असते.

या पेचावर तांत्रिक तोडगा नव्हता असेही नाही. अंधांच्या ग्रंथालयांनी 1996 मध्ये एकत्र येऊन डिजिटल बोलक्या पुस्तकांची एक समान रचना विकसित करायला घेतली आणि 2002 मध्ये तिला अमेरिकी मानकाचे रूप मिळाले. तिच्यात तळटिपा, पृष्ठक्रमांक आणि चौकटी वेगळ्या खुणांनी नोंदवता येतात. ऐकणाऱ्याने एक कळ दाबली की टिपा बंद, पुन्हा दाबली की सुरू. निर्णय श्रोत्याच्या हाती देणारी ही व्यवस्था ई-पुस्तकांच्या 2011 मधील मानकातही उतरली. व्यापारी ऑडिओबुके मात्र बहुतांशी प्रकरणांच्या यादीवरच थांबली आणि नकाशे-तक्ते जोडपत्राच्या फाइलमध्ये टाकून मोकळी झाली. ज्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी सोडवला त्यांच्या अनुभवाकडे बाजाराने पाहिले नाही, ही या इतिहासातली सर्वांत खेदाची बाब आहे.

पुस्तकातली हवी ती जागा ऐकताना कशी शोधायची, ही अडचण गंमत म्हणजे एका भयकथेने 1897 मध्येच नोंदवून ठेवली आहे. ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीतील डॉक्टर आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो. कादंबरीची नायिका मीना ती ऐकायला मागते तेव्हा त्याच्या लक्षात येते की महिनोन्‌महिने नोंदी केल्या, पण त्यांतला एखादा विशिष्ट भाग हवा असेल तर तो काढायचा कसा, हे आपल्याला कधी सुचलेच नाही. पुढे मीना ते सगळे ऐकते आणि त्याला सांगते की हे यंत्र निष्ठुरपणे खरे बोलते, त्याच्या आवाजातून त्याच्या मनाची वेदना तिला कळली, ती पुन्हा कोणाच्या कानी पडू नये. म्हणून ती सगळा मजकूर टंकलिखित करते. आवाज मजकुरापेक्षा जास्त सांगतो, आणि कधी कधी ते नको असते, हे अभिजात भयकथेच्या निवेदकापुढचे मुख्य कोडे या एका प्रसंगात आले आहे.

कारण भयकथेत अभिनय हाही मजकूर बदलण्याचाच प्रकार ठरू शकतो. 1930 च्या दशकात रेडिओवरील भयनाट्यांनी किंकाळी, दाराची करकर आणि संगीत यांची सवय लावली आणि पुढच्या बऱ्याच निवेदकांनी तोच बाज घेतला. रोजनिश्या आणि पत्रांनी रचलेल्या कादंबरीत वेगवेगळे आवाज वापरणे रास्तही आहे, कारण तिथे लेखकानेच बोलणारे वेगळे केलेले असतात. परंतु 1898 च्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ या भूतकथेत भुते खरी की सांगणारीच्या मनातली, हे शेवटपर्यंत उघड होत नाही. तिथे निवेदिकेने आवाजात वेडाची छटा आणली तर एका बाजूने, आणि ठाम भीती आणली तर दुसऱ्या बाजूने, निकाल लागून जातो. अशा कथेला सपाट नव्हे पण संयत वाचन लागते, आणि ते गाजलेल्या नाट्यमय वाचनाहून कठीण असते.

ध्वनिमुद्रणाचे निकषही संयमाकडेच ढकलतात. ऑडिओबुकच्या एका मोठ्या निर्मितीमंचाच्या नियमानुसार आवाजाची सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबल (शून्य म्हणजे ध्वनिमुद्रणात मावणारी कमाल पातळी), शिखर उणे 3 आणि खोलीचा पार्श्वनाद उणे 60 डेसिबलच्या खाली असावा लागतो. कुजबुज आणि किंकाळी या चौकटीत बसवताना कुजबुज वर उचलावी लागते. तिच्याबरोबर खोलीचा नादही उचलला जातो. त्यामुळे मुरलेला निवेदक खरी कुजबुज करत नाही. तो माइकच्या जवळ येतो, वेग कमी करतो आणि स्वर न दाबता आवाजातला श्वास वाढवतो.

2005 मध्ये सुरू झालेल्या स्वयंसेवी वाचन-चळवळीने या दोन्ही प्रकारांना सर्वांत मोठे दालन उघडले. प्रताधिकारमुक्त पुस्तक कोणीही वाचावे, एकाच पुस्तकाची कितीही वाचने असावीत आणि ती सर्वांना विनामूल्य मिळावीत, हे तिचे धोरण. काय मुक्त आहे हे मात्र देशागणिक बदलते. अमेरिकेत 1998 च्या कायद्याने, 1923 पूर्वी प्रसिद्ध झालेली पुस्तकेच मुक्त, ही सीमारेषा गोठवली आणि ती 1 जानेवारी 2019 रोजी पुन्हा सरकू लागली. ब्रिटनमध्ये लेखकाच्या मृत्यूनंतरची मुदत 50 वरून 70 वर्षांवर गेली, तेव्हा 1936 मध्ये वारलेले भूतकथाकार एम. आर. जेम्स यांच्या कथांवरील संपलेला हक्क 1996 मध्ये पुन्हा जिवंत झाला आणि 2006 च्या अखेरीस दुसऱ्यांदा संपला. जेम्स स्वतः मध्ययुगीन हस्तलिखितांचे अभ्यासक होते आणि आपल्या कथा केंब्रिजमध्ये नाताळात मित्रांना वाचून दाखवत असत. त्यांच्या कथांत जुने दस्तऐवज, लॅटिन उतारे आणि टिपाही येतात. त्या टिपा गाळल्या तर कथेचा विश्वासार्हपणाच ढासळतो. प्राचीन इतिहासाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. मूळ ग्रंथ मुक्त असला तरी भाषांतराला स्वतंत्र प्रताधिकार असतो; म्हणून विनामूल्य वाचनांत बहुधा एकोणिसाव्या शतकातली भाषांतरेच ऐकू येतात, त्या काळच्या समजुतींसह.

2009 मध्ये एका ई-वाचनयंत्राने पुस्तक संगणकीय आवाजात वाचण्याची सोय दिली, तेव्हा लेखकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि ती सोय द्यायची की नाही हे प्रकाशकांवर सोडण्यात आले. 2023 मध्ये प्रताधिकारमुक्त पुस्तकांची सुमारे 5,000 संगणकीय वाचने एकदम प्रसिद्ध झाली. त्या पद्धतीत पृष्ठक्रमांक, अनुक्रमणिका आणि तळटिपा यांसारखा कानाला खटकणारा मजकूर आपोआप बाजूला काढण्याची व्यवस्था होती. निवेदक आणि संपादक जो निर्णय पुस्तकागणिक घेत, तो अशा रीतीने हजारो पुस्तकांसाठी एकाच नियमाने लागू झाला. कोणत्या टिपा वगळल्या हे निदान पहिल्या फाइलच्या आरंभी सांगावे, ही इतिहासप्रेमी श्रोत्यांची मागणी मानवी आवाजाइतकीच या आवाजालाही लागू होते, आणि तिचा खर्च एका वाक्याचा आहे.