मांडे

मांडे : गव्हाच्या पिठाची, लाटण्यापेक्षा हातांवर झुलवून पसरलेली आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर भाजलेली मोठी, पातळ पोळी. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार) ती पुरण भरून करतात. बेळगाव परिसरात पिठीसाखर घालून, घड्या घालून, कुरकुरीत करतात.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा (कार. 1126–1138) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात खाद्यपदार्थांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात ‘मंडक’ येतात. गहू धुवायचे, उन्हात वाळवायचे, दळून पीठ चाळून घ्यायचे. तूप-मीठ घालून मळलेल्या कणकेचे गोळे हाताने पसरून तापल्या खापरावर टाकायचे. जळगावकडची एखादी सुगरण आजही जवळजवळ याच क्रमाने सांगेल. राजाच्या मुदपाकखान्यातली कृती शेतकऱ्याच्या चुलीवर टिकून राहिली आहे, आणि या पदार्थाचे खरे मोल मला त्यातच दिसते.

वारकरी परंपरेतली मुक्ताबाईची कथा सर्वांच्या ओळखीची आहे. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. विसोबा चाटीने कुंभारांना दटावले, त्यामुळे मुक्ताबाईला खापर कोणी देईना. शेवटी ज्ञानेश्वरांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. हे पाहून विसोबा शरण आले. पुढे तेच विसोबा खेचर नामदेवांचे गुरू झाले. कथा चमत्काराची असली तरी तिचा सगळा पेच स्वयंपाकघरातला आहे. खापर नसले तर मांडे होत नाहीत, तव्यावर भागत नाही, हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असे धरूनच ती सांगितली जाते.

तव्यावर का भागत नाही, ते कृतीत कळते. कणीक चांगली सैल भिजवून, पाणी लावत, तिंबत राहतात. तिला ताण यावा लागतो, म्हणून पीठही अगदी बारीक चाळलेले लागते; कोंडा राहिला की पोळी तिथेच फाटते. गोळ्यात पुरण भरून तो थापला की खरे काम सुरू होते. पोळी एका हातावरून दुसऱ्या हातावर अशी झेलत नेतात की तिच्याच वजनाने ती वाढत जाते. मनगटावर होती ती बघता बघता कोपरापर्यंत येते. पुरण आत सारखे पसरलेले असते आणि कुठे भोक पडत नाही; पुरणात एखादी डाळ अख्खी राहिली तर मात्र हमखास पडते. एवढी मोठी पोळी सपाट तव्यावर टाकली तर तिला सुरकुत्या पडतील. पालथ्या खापराच्या घुमटावर ती चारी बाजूंनी आपोआप खाली ओढली जाते आणि ताठ बसते. लाकडाचा जाळ खापराच्या पोकळीत कोंडून राहतो, आणि माती लोखंडाएवढी झटकन तापत नसल्याने पातळ पोळी करपायच्या आत आतून शिजते. मातीचा हलका वास पुरणाला लागतो.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, या पोळ्या आमरसासोबत खातात. एरवी दूध आणि तूप. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, त्यामुळे खापर चुलीवर चढले की घरात बायकांची गर्दी असते. लग्नकार्यात हात बसलेल्या बायकांना मुद्दाम बोलावतात.

बेळगावच्या मांड्यांत पुरण नसते. रवा-मैद्याचे पातळ पान पालथ्या लोखंडी कढईवर टाकतात, त्यावर पिठीसाखर, तूप, वेलची पसरतात आणि पान गरम आहे तोवर चौकोनी घडी घालतात. क्षणभर उशीर झाला तर ते कडक होऊन मोडते. हे मांडे बरेच दिवस टिकतात, म्हणून तिकडे लग्नात ते पाहुण्यांना बांधूनही देतात.

‘मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचार पोळी किंवा भाकरीवर बेतलेला नाही, यावरून मांडे कायम सणासुदीचे, सहजासहजी न मिळणारे अन्न होते हे दिसते. सध्या पुण्या-मुंबईतल्या खानदेशी खाद्यमहोत्सवांत ते गर्दीसमोर करून देतात. घरी गॅसच्या शेगडीवर खापर ठेवले तर ज्योत मध्यावरच लागते आणि कडा कच्च्या राहतात, म्हणून पुष्कळ खानदेशी घरांत मांड्यांपुरती अंगणात तीन विटांची चूल मांडतात.