सिकाई कुणाला लागू पडणार, हे आधी कळतं का? ऐंशी वर्षांची खटपट

गेल्या महिन्यात मावशीची फाइल माझ्याकडे आली, कारण घरात लॅबमध्ये काम करणारी मी एकटीच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या तिच्या घरी सगळे जमलेले आणि प्रश्न एकच, "अगं हे रिपोर्ट बघून सांग ना, हिला सिकाई लागू पडेल का?" (सिकाई म्हणजे कॅन्सरवरचं रेडिएशन. मराठीत शेक म्हणायला हवं, पण ग्वाल्हेरात तीन पिढ्या गेल्यावर तोंडात सिकाईच येतं, आणि आतून देतात ती अंदर की सिकाई.) गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, स्टेज ३बी. फाइलीत तीन कागद वर लावलेले: हिमोग्लोबिन, एससीसी अँटीजन (रक्तात मोजायचं एक प्रथिन) आणि पीडी-एल१ (गाठीच्या तुकड्यावर रंग देऊन बघायचं प्रथिन). ह्या तिन्ही कागदांच्या मागे मोठी गोष्ट आहे, ती सांगते.

आधी हा प्रश्न इतका का छळतो ते बघा. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३बी स्टेजच्याच ८५० बायकांवर ट्रायल झाली, निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना त्याच्याबरोबर दर आठवड्याला सिस्प्लॅटिनची किमो. २०१८ मध्ये निकाल छापून आला, पाच वर्षांनी जिवंत असलेल्या ५४ टक्के विरुद्ध ४६ टक्के. शंभरात आठ जास्त वाचल्या, चांगलंच आहे, पण किमो मात्र शंभरही जणींना घ्यायला लागली, उलट्या, किडनीची काळजी सगळं सोसून, आणि ढोबळ हिशोबाने त्यातल्या ४६ जणी किमोशिवायही वाचल्या असत्या आणि ४६ किमो घेऊनही गेल्या. मधल्या त्या आठ जणी कोण हे पहिल्या दिवशी कुणालाही सांगता येत नाही. बायोमार्करची, म्हणजे रक्तात किंवा गाठीत आधीच अंदाज देणारी खूण शोधायची, सगळी धावपळ त्या आठ जणी शोधायची आहे असं मी समजते.

ही धावपळ डीएनए वगैरे शब्द दवाखान्यात यायच्या कितीतरी आधीची. १९४५ मध्ये केंब्रिजला ग्लुक्समन आणि स्पिअर ह्या दोघांनी रेडियम चालू असतानाच गाठीचे पुन्हा पुन्हा तुकडे काढून स्लाइडवर पेशी मोजल्या, किती विभागतायत, किती मरतायत, आणि त्यावरून पुढचं सांगायचा प्रयत्न केला. दोन वर्षांनी बॉस्टनमध्ये रूथ ग्रॅहम ह्या बाईंनी आणखी सोपी वाट धरली, पॅप स्मिअरच घ्यायचा, पण कॅन्सरच्या पेशी नाही बघायच्या, शेजारच्या निरोगी पेशी रेडिएशनने कशा फुगतात, त्यांच्यात पोकळ्या पडतात का ते बघायचं. ज्यांच्या चांगल्या पेशींवर असा परिणाम दिसतो त्या बायका बऱ्या होतात असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर स्लाइडी बघितलेल्या माणसाला हे वाचून भारी वाटतं. पण दुसऱ्या लॅबना तसं जमेना, कारण मोजणाऱ्याच्या डोळ्यावर फार अवलंबून, आणि हळूहळू ते मागे पडलं.

मग आली ऑक्सिजनची भानगड, आणि ती सगळ्यात लांबली. १९५३ मध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑक्सिजन नसलेल्या पेशी रेडिएशनला फार चिवट असतात, साधारण तिप्पट डोस लागतो. १९५५ मध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींच्या स्लाइडींवरून दाखवलं की रक्तवाहिनीपासून मिलिमीटरचा पाचवा हिस्साही लांब नाही गेलं की पेशी गुदमरून मरतात, म्हणजे मेलेल्या आणि जिवंत पेशींच्या मधे अर्धवट गुदमरलेल्या चिवट पेशींचा थर असणार. ऑक्सिजन पोचवतं ते हिमोग्लोबिन, म्हणजे आपला पहिला कागद. आता अंगावरून इतके दिवस रक्त गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन काय असणार? मावशीचं ८.९ होतं. टोरोंटोत रक्त चढवून तपासलं, १९७८ मध्ये छापून आलं, तेव्हा फायदा दिसला, सगळीकडे रक्त चढवायची पद्धत पडली, पण नंतर तोच डेटा नीट तपासल्यावर फायदा तेवढा ठाम राहिला नाही. पुढे रक्ताऐवजी हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या एरिथ्रोपोइटिनची इंजेक्शनं देऊन बघितली तर अमेरिकेतली मोठी ट्रायल रक्ताच्या गुठळ्यांच्या भीतीने अर्ध्यातच थांबवायला लागली. हिमोग्लोबिन कमी असलं की निकाल वाईट येतो हे खरं, पण ते औषधाने वर ढकललं की निकाल सुधारतो हे त्यातून आपोआप निघत नाही!

जर्मनीत माइन्झला होकेल आणि फाउपेल यांनी तर थेट गाठीत बारीक सुई घालून ऑक्सिजन मोजला. १९९६ मध्ये छापलं, ज्यांच्या गाठीत ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या खाली त्यांचं पुढे वाईट होतं. आणि गंमत अशी की ज्यांना रेडिएशन दिलंच नव्हतं, नुसतं ऑपरेशन केलं होतं, त्यांचंही वाईटच झालं. म्हणजे सुई रेडिएशनबद्दल काही सांगतच नव्हती, ती फक्त सांगत होती की ही गाठ मुळातच आडमुठी आहे, काहीही करा. ह्यातच सगळा घोळ आहे. एक मार्कर सांगतो आजार वाईट आहे, दुसरा सांगतो हा उपचार हिला लागू पडेल आणि तो नाही पडणार. पहिल्याला प्रोग्नोस्टिक म्हणतात, दुसऱ्याला प्रेडिक्टिव्ह, आणि पहिल्या जातीचे ढिगाने सापडले, दुसऱ्या जातीचा शोधायला गेलं की हात रिकामा. रिपोर्ट लिहिणारे दोन्हींची सर्रास मिसळ करतात, पेशंट तर करणारच.

मँचेस्टरला नव्वदच्या दशकात गाठीच्या पेशी बाहेर वाढवून त्यांना २ ग्रे (हे रेडिएशनचं माप) डोस द्यायचा आणि किती जगल्या ते मोजायचं असंही झालं. निकाल सुंदर होते, फक्त उत्तर यायला काही आठवडे लागायचे आणि सिकाई तोवर थांबवायची कशी? बऱ्याच जणींच्या पेशी वाढायच्याही नाहीत. ते तिथेच राहिलं.

आता दुसरा कागद. एससीसी अँटीजन जपानचं, काटो आणि तोरिगोए यांनी १९७७ मध्ये गर्भाशयमुखाच्याच गाठीतून काढलेलं. चांगलं आहे, स्वस्त आहे, रक्ताच्या एका बाटलीत होतं, सुरुवातीला वाढलेलं असेल तर सिकाईबरोबर उतरतं का ते बघता येतं आणि उतरून परत चढलं की कान टवकारायचे. पण हे कॅन्सरचं खासगी प्रथिन नाही, साध्या कातडीत असतं, थुंकीतही असतं. मावशीच्या कोपरांवर जुना सोरायसिस, त्यावरूनच पहिल्या रिपोर्टात आकडा इतका वर आला की पोरं रडायला लागली. जिथे केला त्या ठिकाणी कुणी कातडीचं विचारलंही नव्हतं. आम्ही भीतीने एकमेकांकडे बघत होतो. सोरायसिस नसता तरी ट्यूब हाताळताना ग्लोव्हज आणि मास्क नसेल तर सॅम्पल खराब होऊ शकतं, आणि किडनी बिघडली तरी आकडा फुगतो. एडिनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींचा कॅन्सर) असेल तर ही टेस्ट बहुतेक वेळा गप्पच बसते.

एचपीव्हीचं, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या व्हायरसचं, पण थोडक्यात सांगते. झुर हाउजेन यांनी १९८३ मध्ये ह्या कॅन्सरमधून एचपीव्ही १६ शोधला, पुढच्या वर्षी १८, आणि २००८ मध्ये नोबेल मिळालं. घशाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही असला की रेडिएशन छान लागू पडतं, तेव्हा इथेही तोच मार्कर होईल असं वाटणं साहजिक होतं. पण १९९९ मधल्या मोठ्या तपासणीत ९९.७ टक्के गाठींमध्ये व्हायरस निघाला, मग फरक कुणात करायचा? व्हायरस नसलेल्या थोड्याशा गाठी मात्र जास्त वाईट वागतात, म्हणून २०२० च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात त्या वेगळ्याच केल्या.

तिसरा कागद पीडी-एल१ चा. इथे पहिल्यांदा खरोखर औषध ठरवायला मार्कर वापरला गेला. जून २०१८ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅबला (रोगप्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध) मंजुरी मिळाली ती फक्त सीपीएस हा आकडा १ किंवा जास्त असेल तरच, म्हणजे पीडी-एल१ चा रंग घेतलेल्या गाठीच्या आणि रोगप्रतिकारक पेशी मिळून गाठीच्या दर शंभर पेशींमागे किमान एक. अशा ७७ जणींत १४.३ टक्क्यांची गाठ आकसली, आणि मार्कर नसलेल्यांत एकीचीही नाही. २०२१ मध्ये किमोबरोबरही तोच नियम राहिला. पण आकडा असलेल्या बायका इतक्या जास्त की चाळणीची भोकंच मोठी, ८५ टक्क्यांना औषध लागू पडलं नाही तरी त्या "पॉझिटिव्ह"च. जानेवारी २०२४ मध्ये वाढलेल्या स्टेजच्या बायकांना किमो-रेडिएशनबरोबर हेच औषध मंजूर झालं तेव्हा पीडी-एल१ ची अटच नव्हती. मार्कर आला, गाजला आणि एका कोपऱ्यातून बाजूलाही झाला. खर्च लाखांत जातो तो वेगळाच विषय.

म्हणून बऱ्याच लोकांनी आधी सांगायचा नाद सोडून नंतर लवकर ओळखायचा धरलाय. सेंट लुइसच्या २००७ मध्ये छापलेल्या अभ्यासात सिकाई संपल्यावर तीन महिन्यांनी पेट स्कॅन (उरलेली गाठ चमकून दिसते तो) करून बघितला, जिथे काहीच चमकलं नाही त्यातल्या ७८ टक्के बायकांचा आजार तीन वर्षं परतला नाही, थोडं चमकलं त्यातल्या फक्त ३३ टक्क्यांचा. आता रक्तात फिरणारा व्हायरसचा डीएनए मोजतात, टोरोंटोच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं की उपचारानंतर तो उरला तर आजार परतायची शक्यता खूप वाढते. पण उरला तर द्यायचं काय, हे अजून ठरलेलं नाही, सरसकट सगळ्यांना शेवटी जास्तीची किमो देऊन बघितली होती त्या आउटबॅक ट्रायलमध्ये फायदा झाला नाही.

मावशीला मी एवढं सांगितलं की आत्ता कामाचं म्हणजे हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवणं आणि मधे सुट्टी न घेता बाहेरची-आतली मिळून सगळी सिकाई आठ आठवड्यांच्या आत संपवणं, लग्न असो नाहीतर गणपती. एससीसीचा कागद जपून ठेव, पुढे तुलनेला लागेल. पीडी-एल१ चा सध्या तसाच राहू दे. तिने तिन्ही कागद उलटसुलट करून बघितले, पीडी-एल१ चा सगळ्यात खाली घातला आणि विचारलं, "हाच सगळ्यात महाग होता ना गं?"