बूलच्या कपाटावरचे पितळ का उचलते?

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६७२ साली आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या कारागिराला राजाश्रय आणि लूव्र राजवाड्यात जागा दिली. कासवाच्या कवचात पितळ बसवण्याची कला त्याच्या आधीही होती. पण ती त्याच्या हाती इतकी बहरली की आज तिला त्याचेच नाव आहे. व्हर्साय येथे किंवा लंडनच्या वॉलेस संग्रहालयात त्याचे काम समोरून पाहताना तांबूस-काळ्या पृष्ठभागावरची पितळी वेलबुट्टी अखंड वाटते. त्या काळच्या अशा एखाद्या कपाटाकडे तिरप्या उजेडात पाहिले, तर मात्र कुठेतरी एका पानाचे टोक केसभर वर आलेले आढळू शकते.

हे कवच हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाचे असे. ते आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचे बनलेले असल्याने गरम पाण्यात मऊ पडते, दाबून सपाट करता येते, आणि उष्णता व दाब दिल्यास दोन तुकडे एकजीवही होतात. ते अर्धपारदर्शक असल्यामुळे त्याच्या पाठीमागे लाल रंग लावला की आतून धग असल्यासारखे दिसते. कवच आणि पितळेचा पत्रा एकमेकांवर ठेवून बारीक करवतीने एकदमच कापत. त्यामुळे कवचात पितळ आणि पितळेत कवच असे दोन जोड मिळत आणि महागडा माल वाया जात नसे. हा सगळा थर गरम सरसाने ओकच्या लाकडावर चिकटवत.

खरी अडचण या लाकडात आहे. पितळ उष्णतेने प्रसरण पावते म्हणून सुटते, असे अनेकांना वाटते. पण ४० सेंटिमीटरचा पितळी पत्रा तापमान १० अंशांनी वाढल्यावर एक दशांश मिलिमीटरही वाढत नाही. उलट, हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली आणि तशीच टिकली, तर तेवढ्याच रुंदीची ओकची फळी लाकडाच्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने चारेक मिलिमीटर आकसू शकते, मात्र रेषांच्या दिशेने जवळजवळ हलत नाही. पावसाळ्यात फुगून चौकटीत अडकणारा आपल्याकडचा दरवाजा हेच करतो. युरोपात हिवाळ्यात खोल्या तापवल्या की हवा कोरडी पडते आणि हीच क्रिया उलट्या दिशेने घडते. खालची फळी आखडते, वरच्या पितळेला तेवढे आखडता येत नाही, आणि मधला सरस कोरडा, ठिसूळ झालेला असतो. मग पितळ कमान टाकते, आणि पुसताना फडक्याचा एखादा धागा त्यात अडकला तर पान मुडपते.

जुन्या दुरुस्त्यांमध्ये असे टोक बारीक खिळ्याने ठोकून बसवलेले दिसते. ते पाहून वाईट वाटते, कारण खिळा तेवढी जागा धरून ठेवतो, पण लाकडाची हालचाल थांबवत नाही आणि नक्षीला कायमचे भोक पडते. आताचे संवर्धक आधी खोलीतील आर्द्रता स्थिर ठेवतात. मग ऊब आणि ओलावा देऊन जुना सरस मऊ करतात, तो काढून टाकतात, पितळ हळूहळू सरळ करतात, आणि पुन्हा प्राणिज किंवा माशाचा सरसच लावून वर वजन ठेवतात, म्हणजे पुढच्या संवर्धकालाही तो जोड नक्षी न तोडता सोडवता येतो.