काउंटरटेनर गायक आणि त्यांचे चाहते

युरोपातील मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंतचे संगीत त्या त्या काळच्या वाद्यांवर व गायनरीतीने सादर करण्याची जी चळवळ विसाव्या शतकात रुजली, ती ‘अर्ली म्यूझिक’ या नावाने ओळखली जाते. या क्षेत्रातील कलावंतांचा, आणि त्यातही स्त्रियांच्या पट्टीत गाणाऱ्या काउंटरटेनर पुरुष गायकांचा, एक निष्ठावंत चाहतावर्ग असून तो त्यांच्या आवाजाइतकाच त्यांच्या देखणेपणावरही लुब्ध असतो. ही आवड उथळ समजण्याची प्रथा समीक्षकांमध्ये आहे. परंतु या गायकांच्या संगीताचा मोठा भाग, म्हणजे ऑपेरा (गायनातून उलगडणारी नाटके), मुळात रंगभूमीसाठी रचलेला होता आणि त्याच्या पहिल्या श्रोत्यांनीही गायकाचे रूप, पोशाख आणि गळा यांची फारकत कधी केली नव्हती.

अठराव्या शतकातील ऑपेरांमध्ये नायकाच्या भूमिका बहुधा कास्त्रातो गायकांकडे असत. आवाज फुटण्यापूर्वीच खच्चीकरणाची शस्त्रक्रिया करून ज्यांचा बालपणीचा उंच स्वर कायम राखला जाई, अशा या गायकांना विलक्षण लोकप्रियता लाभली, मात्र तिची किंमत त्यांनी अजाण वयात आणि स्वतःच्या देहाने मोजली होती, हे या इतिहासात विसरता येत नाही. त्यांतील सर्वांत ख्यातनाम गायक म्हणजे फारिनेल्ली, मूळ नाव कार्लो ब्रोस्की (१७०५–१७८२). तो १७३४ मध्ये लंडनला आला तेव्हा तेथील उच्चकुलीन स्त्रीपुरुषांनी त्याच्यावर भेटवस्तूंची खैरात केली. ‘देव एक, फारिनेल्लीही एकच’ हे एका श्रोत्या स्त्रीचे म्हणून सांगितले जाणारे उद्गार इतके गाजले, की चित्रकार विल्यम होगार्थ याने १७३५ च्या आपल्या एका उपहासात्मक चित्रात ते वापरले. त्या चित्रात खुर्चीच्या पाठीवरून जमिनीपर्यंत लोळणारा एक लांबलचक कागद दिसतो; त्यावर फारिनेल्लीला मिळालेल्या नजराण्यांची यादी आहे, आणि जमिनीवर पडलेल्या एका पानावर उच्चासनावर बसलेला गायक व त्याच्यापुढे आपली हृदये अर्पण करणाऱ्या स्त्रिया रेखाटल्या आहेत. होगार्थचा रोख टीकेचा होता. तरीही त्या काळच्या चाहत्यांविषयी इतका बोलका दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकात कास्त्रातो गायकांची परंपरा ओसरली आणि चाहत्यांचे लक्ष वादकांकडे वळले. पियानोवादक फ्रान्झ लिस्ट याच्या बर्लिनमधील मैफलींनंतर त्याचे हातमोजे व रुमाल मिळवण्यासाठी झुंबड उडे. या वेडाला कवी हाइनरिख हाइने याने १८४४ मध्ये ‘लिस्टोमानिया’ असे नाव दिले.

उंच स्वरातील पुरुषी गायन मैफलीत परत आले ते प्रामुख्याने आल्फ्रेड डेलर (१९१२–१९७९) या इंग्रज गायकामुळे. आजचा काउंटरटेनर कोणत्याही शस्त्रक्रियेने घडत नाही; तो आपला खोट्या स्वराचा, म्हणजे फॉल्सेटोचा, वापर रियाझाने कमावतो. उंचापुऱ्या, दाढी राखलेल्या डेलरच्या गळ्यातून येणारा तो हळुवार स्वर श्रोत्यांना आधी चकित करी आणि मग जिंकून घेई. पुरुषी देह आणि अनपेक्षित स्वर यांतील हा विरोधाभासच आजच्याही आकर्षणाचे मर्म आहे. फिलिप जारूस्की, फ्रँको फाजोली यांच्या पिढीने त्याला रंगमंचीय झळाळी दिली. पोलंडचा याकुब युझेफ ऑर्लिन्स्की हा ब्रेकडान्सही करणारा गायक २०१७ मध्ये फ्रान्समधील एक्साँ-प्रोव्हाँस येथे आखूड पँट व साध्या शर्टात इटालियन रचनाकार विवाल्दी याची एक एरिया, म्हणजे ऑपेरातील एकल गीत, गायला; तिचे चित्रण लाखो लोकांनी पाहिले आणि त्यांतील अनेकांनी विवाल्दीचे ऑपेरा-संगीत बहुधा प्रथमच ऐकले.

रूपावर भाळून आलेला हा श्रोता पुढे किती बारकाईने ऐकू लागतो, हे ‘दा कापो’ एरियाच्या बाबतीत दिसते. या रचनेचा पहिला भाग शेवटी पुन्हा गायचा असतो आणि त्या पुनरावृत्तीत गायकाने स्वतःच्या हरकती व ताना घालाव्यात अशी अपेक्षा असते. त्यामुळे एकाच प्रयोगाला ओळीने दोन-तीन रात्री हजेरी लावणारे चाहते कोणत्या रात्री कोणती जागा कशी घेतली, याची आपसांत तपशीलवार तुलना करतात. मराठी वाचकाला येथे ‘वन्समोअर’ घेणारे बालगंधर्व (१८८८–१९६७) आठवल्यावाचून राहणार नाहीत. त्यांच्या स्त्रीभूमिकांतील लुगडी, दागिने आणि केशरचना यांचे अनुकरण घरोघरच्या स्त्रिया करीत, आणि तोच प्रेक्षकवर्ग त्यांच्या पदांतील लयीच्या खेळालाही दाद देई. हे साम्य वरवरचे नाही. स्त्रियांना रंगमंचावर मज्जाव असलेल्या रोममध्ये १७३० साली लिओनार्दो विंची या संगीतकाराचा (चित्रकार दा विंची नव्हे) ‘आर्तासेर्से’ हा ऑपेरा सर्व पुरुष गायकांनी सादर केला होता. २०१२ मध्ये फ्रान्समधील नान्सी येथे त्याचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा स्त्रीभूमिकांसह पाच भूमिका काउंटरटेनरांनीच केल्या.

या रूपासक्तीची खरी हानी होते ती निवडीच्या वेळी. ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर शोभणारा चेहरा हाच निकष ठरू लागला, की प्रौढ आणि साध्या रूपाचे उत्तम गायक मागे पडतात. स्त्री गायिकांना तर याची झळ अधिक बसते. २०१४ मध्ये इंग्लंडमधील ग्लाइंडबोर्न येथे एका तरुण गायिकेच्या गाण्याऐवजी तिच्या अंगकाठीवर काही समीक्षकांनी टिप्पणी केली, तेव्हा संगीतक्षेत्रातून त्या टिप्पणीचा तीव्र निषेध झाला. चाहत्याची मोकळी दाद आणि समीक्षकाने देहावरून केलेले मूल्यमापन यांना एकाच मापाने तोलता येणार नाही.

दुसऱ्या बाजूला, विस्मृतीत गेलेल्या रचना पुन्हा उभ्या राहिल्या त्या पुष्कळ अंशी या चाहत्यांच्या बळावर. फारिनेल्लीचा गुरू निकोला पोर्पोरा याचे ऑपेरा दीर्घकाळ दुर्लक्षित होते. काउंटरटेनर मॅक्स इमॅन्युएल सेन्चिच याच्या दिग्दर्शनाखाली २०२० मध्ये सुरू झालेल्या जर्मनीतील बायरॉइट बरोक महोत्सवात, १७४८ साली खुल्या झालेल्या तेथील लाकडी कोरीवकामाच्या ऑपेरागृहात, पोर्पोराचा ‘कार्लो इल काल्व्हो’ सादर झाला आणि त्यात फाजोलीसारख्या गायकांना ऐकण्या-पाहण्यासाठी आलेल्या रसिकांनी हा रचनाकार नव्याने ओळखला.